माहितीदाता क्रमांक सात

६ जानेवारी २०२५, डहाणू

आजपासून मी अधिकृतपणे क्षेत्रकार्यावर आहे. म्हणजे घरी आले आहे.

पुण्याच्या विद्यापीठाच्या कागदांवर आमची मच्छीमारांची वाडी हे माझं 'अभ्यासक्षेत्र' आहे, आणि ज्या माणसांनी मला लहानपणी खाडीत ढकलून पोहायला शिकवलं ते माझे 'माहितीदाते' आहेत. आत्याला हे सांगितलं तर ती म्हणाली, मग माहिती घे आणि जेवून घे, भात निवतोय.

पीएच.डी.चं हे सातवं वर्ष. विषय असा, की किनाऱ्यावरचे मच्छीमार आणि आतल्या पाड्यांवरचे वारली ताऱ्यांना काय नावं देतात. आमचा विभाग आंतरविद्याशाखीय आहे. याचा अर्थ खगोलवाले मला मानववंशवाली समजतात, मानववंशवाले खगोलवाली, आणि बसायला खुर्ची दोघंही देत नाहीत. दोन मुदतवाढी संपल्या. ३१ मार्चला प्रबंध जमा झाला नाही तर नोंदणी रद्द, सात वर्षं पाण्यात. जमा करायला मार्गदर्शकांची सही लागते. मार्गदर्शक म्हणजे डॉ. टेंबे.

टेंबे सरांची सगळी कीर्ती एका ताऱ्यावर उभी आहे. मार्च १९९८मध्ये ते डहाणूला आले, चार दिवस राहिले आणि दक्षिणेला क्षितिजाजवळ दिसणाऱ्या अगस्तीला इथले लोक 'भिक्याचा दिवा' म्हणतात, असा शोध लावून परत गेले. त्या नावावरून त्यांनी दोन हजार वर्षांपूर्वीची गलबतं पाण्यात सोडली. भिका हा कुणी आदिम खलाशी, त्याने हा तारा धरून समुद्र ओलांडला, आणि नाव पिढ्यान्‌पिढ्या तोंडी चालत आलं. त्यावर एक ग्रंथ, तीन पुरस्कार आणि एक विभागप्रमुखपद निघालं. माझं काम एवढंच, की ते नाव अजून टिकून आहे हे दाखवायचं. काय सापडणार हे आधीच ठरलेलं असल्यामुळे संशोधन सोपं जाईल असं सर म्हणतात.

९ जानेवारी

प्रश्नावली सरांकडून तपासून आली. मी बारा प्रश्न केले होते, अकरा उरलेत. नववा प्रश्न होता, 'हे नाव तुम्हाला कोणी सांगितलं?' त्यावर लाल शाईची काट आणि समासात एकच शब्द, 'वेळखाऊ'. चार दिवसांत ग्रंथ लिहिणाऱ्या माणसाला वेळेची किंमत असणारच.

१८ जानेवारी

आत्याच्या वलांडीपाशी बसून प्रश्नावल्या भरते आहे. बांबूच्या त्या मांडवावर सकाळपासून बोंबील टांगणं चाललंय. आत्या डावरी आहे. डाव्या हाताने दोन बोंबील उचलते, एकाच्या तोंडात दुसऱ्याचं अडकवते आणि बघता बघता दोरी भरते. मी उजव्या हाताने अर्धा तास प्रयत्न केला तर म्हणाली, तू तारेच बघ.

शेजारची जयश्रीवहिनी विचारायला आली, पाणी कधी भरेल, म्हणजे भरती कधी. आत्याने वर न बघता सांगितलं, "आज पंचमी ना? पावणेचार. आपल्याकडं अर्धा तास पुढं धर, सव्वाचार." सव्वाचारला पाणी भरलं. तिथीची पाऊणपट करायची आणि अर्धा तास मिळवायचा, असा काहीतरी तिचा हिशोब आहे. मी लिहून घेणार होते, पण प्रश्नावलीत चंद्राला रकानाच नाही. विषय ताऱ्यांचा आहे, भरकटून चालणार नाही.

संध्याकाळी आत्या नेहमीसारखी किनाऱ्यावर जाऊन उभी राहिली. कुत्री बोंबील पळवतात, लक्ष ठेवायला लागतं. पावसाळ्यात बोंबील नसतात तेव्हाही ती जाते म्हणे. सवय, दुसरं काय.

२ फेब्रुवारी

मी अशी यशस्वी कधीच नव्हते. वाडीत एकेचाळीस जणांना विचारलं आणि एकेचाळीस जणांनी सांगितलं, भिक्याचा दिवा. शंभर टक्के. आमच्या वाडीत शंभर टक्के एकमत कशावरच नसतं, होळी कुठं पेटवायची यावरही नाही. पण ताऱ्याच्या बाबतीत सगळे एका सुरात.

काळूकाका आमच्या वाडीतला सगळ्यात जुना तांडेल, पन्नास वर्षं बोट चालवलेला. त्याने उत्तर देण्याआधी आमच्या घराकडे बघितलं. मला वाटलं चहाची वाट बघतोय, म्हणून मी चहा आणला. चहा पिऊन त्याने तेच उत्तर दिलं.

सरांना फोन केला. सर इतके खूश झाले की त्यांनी पहिल्यांदाच मला नावाने हाक मारली. मात्र वर्षाऐवजी वर्षाली म्हणाले.

११ फेब्रुवारी, तलासरी

सरांच्या ग्रंथात एक ठाम वाक्य आहे, 'तलासरीच्या वारली पाड्यांवरही हेच नाव प्रचलित आहे.' म्हणून गेले तीन दिवस तलासरीला आहे. पहिल्या संध्याकाळी अच्छाडच्या नाक्यावर उतरून एका ढाब्यात चहा घेतला आणि आकाश बघायचा प्रयत्न केला. ट्रकांच्या दिव्यांमुळे मला फक्त ट्रक दिसले. नाक्यावर फक्त ट्रक दिसतात, एवढं सरांनी ग्रंथात लिहिलं असतं तर तेवढं वाक्य तरी खरं ठरलं असतं.

तीन पाडे, तीस माणसं. भिक्याचा दिवा? शून्य.

शुक्री नावाच्या म्हाताऱ्या बाई दिवेलागणीनंतरही अंगणात नाचणी पाखडत होत्या. त्यांनी तारा नीट बघितला, माझ्याकडे नीट बघितलं आणि विचारलं, नाव कशाला पायजे, हरवला काय? मग म्हणाल्या, "पयले एक सायेब आलेला. त्याला बी सांगितला, आमी याला नाव नाय ठेवला. तो रागावला. बोलला, आठव, आठव. आता नसलेला कसा आठवायचा?" त्यांनी मला नाचणीची भाकरी आणि चटणी दिली. साहेबांनाही दिली होती का, हे विचारायचं राहून गेलं.

१३ फेब्रुवारी

सरांना तलासरीचा आकडा कळवला.  सर म्हणाले, तलासरी समुद्रापासून दूर आहे, तिथली स्मृती विरली असणार, ते क्षेत्र वगळून टाक. मी म्हटलं, सर, तुमच्या ग्रंथात आहे. सर म्हणाले, "ग्रंथात आहे म्हणूनच वगळ. ३१ मार्च लक्षात आहे ना?"

मी वगळलं. इथे खोटं कशाला लिहू. तीस माणसं एका कळीने पुसली आणि मग आत्याने तळलेली सुरमई खाल्ली. चव नेहमीसारखीच लागली, याचीच लाज वाटली.

१६ फेब्रुवारी

झोप नीट लागत नाही. शुक्रीबाईंचा 'हरवला काय' डोक्यातून जात नाही. म्हणून सकाळी सरांच्या ग्रंथाचं शेवटचं परिशिष्ट वाचलं, जे आजवर कुणीच वाचलेलं नाही, बहुधा सरांनीही. माहितीदात्यांची यादी आहे. भिक्याचा दिवा हे नाव मूळ एकाच व्यक्तीने सांगितलंय. बाकीच्यांनी 'दुजोरा दिला'.

'माहितीदाता क्र. ७. पु., स्त्री, वय २२, मासळी सुकवणारी, अविवाहित. डाव्या हाताने काम करते. प्रश्न विचारताच थोडा वेळ गप्प, मग उत्तर. (२००४मध्ये निधन.)'

वाईट वाटलं. एकमेव मूळ साक्षीदार, आणि मेली. आता तिला कोण विचारणार? संध्याकाळी काळूकाकाला म्हटलं, २००४मध्ये वाडीतली कुठली बाई वारली, पु वरून नाव, डावरी होती, बोंबील सुकवायची?

काळूकाका जाळं विणायचं थांबला. "मेली?" तो म्हणाला. "सकाळी तर माझ्याकडून कोळंबी घेऊन गेली."

मी सात वर्षं संशोधनपद्धती शिकले आहे. निरीक्षणावर माझा एक स्वतंत्र पेपर आहे. आणि माझी आत्या पुतळी, वय एकोणपन्नास, डावरी, अविवाहित, मला याच घरात रोज भात वाढते.

१७ फेब्रुवारी

आत्याला विचारलं. ती चिंबोऱ्या साफ करत होती. आधी तिला ग्रंथातली ओळ वाचून दाखवली. स्वतःच्या निधनाची तारीख ऐकून तिने नांगी मोडली आणि विचारलं, कशानं मेले ते लिहिलंय का? मी म्हटलं, नाही. ती म्हणाली, आळशी आहे.

मग विचारलं, हे नाव जुनं आहे का, आजोबा सांगायचे का?

"नाय गं. मीच बोलले ते." तिने हात धुतले. "तो तुझा सर दर माणसाला विचारायचा, याचं नाव काय, त्याचं नाव काय. मी त्या बाजूला बघत उभी होते. मला विचारला, ते काय दिसतं? मी बोलले, भिक्याचा दिवा. मला तसाच वाटला तेव्हा. बोटीवरचा दिवा असतो ना, तसा."

म्हणजे नाव दोन हजार वर्षांचं नाही, सत्तावीस वर्षांचं आहे. प्रकरण चार कोसळलं. त्याच्यावर प्रकरण पाच उभं होतं, तेही गेलं. उरलं प्रकरण एक, ज्यात मी सरांच्या ग्रंथाची स्तुती केली आहे. मी तिथेच पाटावर बसून हिशोब करत होते, की बेचाळीस दिवसांत नवीन प्रबंध होतो का. आत्या आणखी काहीतरी बोलत होती बहुतेक. मग ती उठून किनाऱ्यावर गेली.

२४ फेब्रुवारी

नववा प्रश्न परत घातला. सरांना न विचारता. आयुष्यात पहिल्यांदाच स्वतःच्या अकलेने काही केलं, आणि तेही टाईप करून.

एकेचाळीस घरं पुन्हा फिरले. हे नाव तुम्हाला कोणी सांगितलं? लहान मुलांनी आईचं नाव सांगितलं, शाळेत असताना शिकलेल्यांनी गुरुजींचं. मोठी माणसं मात्र चुळबुळ करायला लागली. जयश्रीवहिनी म्हणाली, तुझ्या आत्यालाच विचार. शेवटी काळूकाका बोलला.

"भिका माझ्या बोटीवर होता आधी. मग त्यानं स्वतःची काढली. पुतळीचं त्याच्याशी ठरलेलं. त्या वर्षी दिवाळी झाल्यावर दर्यात गेला तो आला नाय. चार महिने पुतळी दक्षिणेला, चिंचणीच्या बाजूला बघत उभी. मग तो पुण्याचा माणूस आला, नि घरोघर विचारत फिरला, याला भिक्याचा दिवा म्हणतात काय. आता काय सांगायचं? पुतळी बोलली ते खोटं, असं? पाव्हण्यासमोर?" त्याने सुतळी दाताने तोडली. "वाडीनं ठरवलं, होय म्हणायचं. नि मग पोरांना पण तसंच सांगत गेलो. एकदा होय बोललो ना."

ही झाली सरांची 'पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली मौखिक परंपरा'. एका बाईला कुणी खोटी म्हणू नये म्हणून अख्खी वाडी सत्तावीस वर्षं एकाच गोष्टीवर ठाम राहिली आहे. होळीची जागा अजून ठरलेली नाही.

मला रडू आलं, ते वहीत लिहिण्याचं कारण नाही, पण आलं. आणि लगेच हेही डोक्यात आलं, की हा प्रबंध सरांच्या प्रबंधापेक्षा चांगला होईल. दोन्ही एकाच मिनिटात. मी फार चांगली बाई नाही.

१ मार्च

तलासरीची तीस माणसं परत आणली, नववा प्रश्न आणला, आणि ताऱ्याचं नाव कसं जन्माला येतं हे सगळं लिहून सरांना पाठवलं. आत्याची परवानगी घेतली. ती म्हणाली, लिही, पण भिक्याचं नाव बदलू नको.

सरांचा दुपारी फोन आला. आवाज इतका मऊ, की मी घाबरले. म्हणाले, भावनेच्या भरात संशोधन होत नसतं. माहितीदाता क्रमांक सात हयात नाही, तेव्हा तिच्या नावावर कुणीही काहीही सांगेल. ते स्वतः सात तारखेला येणार आहेत, सोबत बाहेरच्या विद्यापीठातल्या एक तज्ज्ञ बाई. किनाऱ्यावर उभं राहून नाव पुन्हा नोंदवू, मग सहीचं बघू.

सही मिळाली नाही तर पुढं काय? एकतीस वर्षांची बाई, एम.एस्सी. पदार्थविज्ञान, बोंबील टांगता येत नाहीत. आत्याला एवढंच सांगितलं, की सर येतायत. तिने विचारलं, तोच? मी म्हटलं, तोच. तिने चांगलं लुगडं उन्हात टाकलं.

७ मार्च

शक्य तितकं जसंच्या तसं लिहिते.

सर संध्याकाळी सहाला आले. ओल्या वाळूवर तिपाई मांडली, दुर्बीण लावली. आत्या म्हणाली, इथं नको, अष्टमी आहे, साडेसहापर्यंत पाणी इथं येईल. सरांनी मोबाईल काढून तिला समजावलं, की आज भांगाची भरती आहे, पाणी फार वर येत नाही. खरं आहे, फार वर नाही आलं. सरांच्या बुटांच्या वरपर्यंतच आलं. तज्ज्ञ बाईंनी आत्याला विचारलं, तुम्हाला कसं कळलं? आत्याने पाऊणपटीचा हिशोब सांगितला आणि बाईंनी वही काढून तो लिहून घेतला. मला जानेवारीत तो रकान्यात बसवता आला नव्हता.

सव्वासातला तारा स्पष्ट झाला. सरांनी गळा साफ केला, तज्ज्ञ बाईंकडे बघितलं आणि समोरच्या बाईला, जिला त्यांनी ओळखलं नव्हतं, ग्रंथातल्यासारख्या आवाजात विचारलं, "मावशी, तो खाली दिसतो, त्याला तुम्ही लोक काय म्हणता?"

आत्या थोडा वेळ गप्प राहिली.

"तुमी मागे पण विचारलेला," ती म्हणाली. "मी सांगितला, भिक्याचा दिवा. तुमी माझा फोटो काढला नि बोलला, पाठवतो."

सर हसले. म्हणाले, मी? कधी बरं?

"मी मरायच्या आधी."

 सर तिच्या डाव्या हाताकडे बघत होते. त्यांच्या हातातला टॉर्च उगाचच चालू बंद होत होता. तज्ज्ञ बाईंनी विचारलं, भिका कोण? आत्या म्हणाली, ते याला विचारा, यानं पुस्तक लिहिलंय.

सर दुर्बीण उचलून गाडीत जाऊन बसले. पाणी आल्यावर काढलेले त्यांचे मोजे मात्र आमच्या वलांडीवर वाळत राहिले. आत्याने सकाळी काढून ठेवले.

१९ मार्च

सरांचा फोन नाही. मी तीन केले. कार्यालयात विचारलं तर कारकून म्हणाला, सर रजेवर आहेत, वैयक्तिक कारण. प्रबंध छापून तयार आहे. पहिल्या पानावर सहीची रेघ मोकळी आहे आणि मी दिवसातून चार वेळा तिच्याकडे बघते.

आत्याला म्हटलं, तू नुसतं होय म्हणून थांबली असतीस तर आज सही असती. म्हणायला नको होतं. ती म्हणाली, "मी होयच बोलले की. दोनदा बोलले." आणि आत गेली. 

२८ मार्च

आज चतुर्दशी, म्हणजे साडेदहा, आपल्याकडं अकरा. पोस्टमन दहाला आला. मोठं पाकीट, पुण्याचं.

आत सहीचं प्रमाणपत्र होतं. सही झालेलं. सोबत पत्र नाही. प्रबंधाच्या सारांशात मी ग्रंथातली क्रमांक सातची नोंद उतरवली होती, तिच्यावर लाल शाईने एकच दुरुस्ती, '२००४मध्ये निधन' या शब्दांवर काट. सत्तावीस वर्षांच्या संशोधनात सरांनी केलेली ही एकमेव बिनचूक नोंद असावी. मी प्रमाणपत्र तीनदा वाचलं, मोठ्याने हसले आणि मग वलांडीखाली वाळूत बसून राहिले. झालं. सोमवारी जमा करणार.

पाकिटात अजून काहीतरी होतं. एक फोटो. वलांडीपाशी बावीस वर्षांची मुलगी, डाव्या हातात बोंबील, तोंड फोटोवाल्याकडे नाही, समुद्राकडे. फोटोला टाचणीने एक जुनं पिवळं कार्ड लावलेलं, सरांच्या तरुणपणीच्या अक्षरात.

फोटो आत्याला दिला. तिने हात पुसून घेतला. म्हणाली, किती बारीक होते बघ. मग कार्ड माझ्यापुढे धरलं, यात काय लिहिलंय.

मी वाचलं, "क्र. ७. अगस्ती, भिक्याचा दिवा. भिका कोण? उद्या विचारणे."

म्हणजे त्यांनाही पडला होता तो प्रश्न. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ते गाडीत बसून निघून गेले. मी मनात एक झणझणीत वाक्य जुळवायला घेतलं, या वहीसाठी. मग लक्षात आलं, की मी ७१ माणसांना अकरा-बारा प्रश्न विचारले, काहींना दोनदा. नाव कोणी सांगितलं हेही विचारलं. भिका दर्यातून परत आला नाही हे काळूकाकाने न विचारता सांगितलं. पण तो कोण होता, कसा हसायचा, आत्याला काय म्हणून हाक मारायचा, हे मी तिला कधीच विचारलं नाही. १७ फेब्रुवारीला ती सांगत होती, तेव्हा मी प्रकरणं मोजत होते.

आत्या कार्डाकडेच बघत होती. "तो उद्या काय आला नाय," ती म्हणाली. "तू विचार."

मी विचारलं.

अकराची भरती आली, पाणी वलांडीच्या खांबांपर्यंत येऊन परत उतरायला लागलं, तरी ती बोलत होती. बोंबील टांगायचे तसेच राहिले. मी काहीच लिहून घेतलं नाही, आणि इथेही लिहिणार नाही.